पाटी

मागच्या गल्लीत गामण्यांकडे चोरी झाली.
गॅसची टाकी, दोन पैठण्या, देवातली चांदीची निरांजनं.
जाताना चोरांनी फ्रिजमधली द्राक्षं खाल्ली
आणि देठांचा घोस ओट्यावर ठेवला, नीट.
सुवर्णाच्या मनात ते देठच राहिले.
"म्हणजे त्यांना घाई नव्हती," ती म्हणाली.

आठवड्याआड माझी तिसरी पाळी, सातपूरला.
रात्री साडेदहाला मी फाटक ओढून घेतो
तेव्हा मखमलाबादच्या पुढचं आमचं रो-हाउस,
मागं कालवा, कालव्यापलीकडे द्राक्षांचे मांडव
आणि त्यापुढचा काळोख,
ज्याची घरपट्टी कुणीच भरत नाही.

कुत्रा आणावा का?

टूलरूममधला काकड म्हणतो, डॉबरमन घे,
माझ्या साडूकडे पिल्लं आहेत, तुला आठ हजारांत.
कॅन्टीनवाला म्हणतो, गावठीच आण,
शिळ्या भाकरीवर इमान राखतो.
मी पगाराच्या पाकिटामागं हिशेब मांडतो:
इंजेक्शनं, दूध, पट्टा,
दिवाळीत पेठला गेलो तर त्याला कुठं ठेवायचं.
सुवर्णा हिशेब बघते, पेन मागते
आणि खाली एकच ओळ लिहिते:
त्याला फिरवायचं कुणी? मी.

बोरस्ते नाना संध्याकाळी कट्ट्यावर येऊन बसले.
त्यांचा काळू माघात गेला.
बिबट्यानं नेला, मांडवाखालून.
सकाळी पट्टा सापडला, बक्कल लावलेलंच.
"तो भुंकत होता हो," नाना म्हणाले,
"पाऊण तास भुंकत होता.
मीच खिडकी उघडून ओरडलो,
गप रे, झोपू दे."
मग बराच वेळ ते चपलेच्या अंगठ्याशी खेळत राहिले.
चहा घेतला नाही.

त्या रात्री आम्ही कुत्र्याविषयी बोललो नाही.

रविवारी मी पंचवटीत जाऊन पाटी रंगवून आणली.
पेंटर म्हणाला, नुसती अक्षरं ऐंशी रुपये,
दात हवे असतील तर वीस जास्त.
दात घेतले.
'कुत्र्यापासून सावध राहा.'
तारेनं फाटकाला बांधत होतो तर रेवा विचारते,
"पण त्याचं नाव काय?"
आणि माझ्या उत्तराची वाट न बघता म्हणाली, चिवडा.
अगं, चोर घाबरेल का चिवड्याला?
"तिखट आहे तो," ती म्हणाली.

मग पायरीशी एक जर्मनची वाटी आली.
वाटीत पाणी आलं.
कुरियरवाला आता पार्सल फाटकावरूनच देतो,
सही घेताना बोटं आत येऊ देत नाही.
शाळेत रेवानं 'माझा आवडता प्राणी' लिहिला:
आमचा चिवडा दिसत नाही पण शिस्तीचा आहे.
बाईंनी दहापैकी सात दिले
आणि 'दिसत नाही'खाली लाल रेघ.

सुवर्णानं हे मला पुष्कळ दिवसांनी सांगितलं,
भाजी निवडता निवडता, माझ्याकडे न बघता,
की मी गेल्यावर अकराच्या सुमारास
ती मागचं दार किलकिलं करते
आणि अंधाराला ऐकू जाईल असं ओरडते,
"चिवड्या, गप! गप बस म्हटलं ना!"
पहिल्या दिवशी हसू आलं, म्हणाली.
दुसऱ्या दिवशी लाज वाटली.
आता ओरडल्याशिवाय झोप लागत नाही.
"पण नानांचं आठवतं," ती म्हणाली,
"म्हणून शेवटी हळूच सांगते,
भुंक रे बाबा. भुंक."

आज सकाळी पावणेसातला परतलो.
हाताला कूलंटचा वास, डोळ्यांत वाळू.
वाटीतलं पाणी अर्धं झालेलं.
कावळा असेल. ऊन तर अजून आलं नव्हतं.
कडीवर हात ठेवला
आणि तसाच उभा राहिलो फाटकाबाहेर, डबा धरून,
सलग सहा रात्री घरात नसलेला माणूस.
ह्यानं मला अजून
एकदाही हुंगलेलं नाही.